दोनशे शब्दांतलं गाऱ्हाणं

घाटकोपरच्या पंतनगरात, आमच्या बिल्डिंगीत, कुणी फ्रिज आणला तर तो आल्याआल्या चालू होत नसे. आधी लवूतात्या यायचे. कोकणातल्या घरांची ती रीतच आहे. नवी वस्तू असो, नवी नोकरी असो, पोराची परीक्षा असो, देवापुढे नारळ ठेवायचा आणि एका जाणत्या माणसाने मोठ्या आवाजात देवाला सगळी हकीकत सांगून मागणं मागायचं. याला गाऱ्हाणं म्हणतात. सांगणारा एकेक वाक्य टाकतो आणि जमलेली मंडळी दर वाक्याला ‘व्हय महाराजा’ म्हणून दुजोरा देतात. लवू घाडी हे आमच्या तीन बिल्डिंगींचे ठरलेले गाऱ्हाणं सांगणारे. विक्रोळीच्या एका कारखान्यात रंगखात्यात नोकरी, आणि उरलेल्या वेळात ही देवाच्या दरबारातली वकिली.

वकिली म्हटलं खरं, पण असा वकील शत्रूलाही मिळू नये. देवापुढे खोटं बोलायचं नाही आणि काही गाळायचंही नाही, असा तात्यांचा नेम होता. पहिल्या मजल्यावरच्या जयवंताने फ्रिज घेतला तेव्हा तात्यांनी डोळे मिटून सुरुवात केली, ‘‘बा देवा महाराजा, ह्यो जयवंत, दोन वर्सां बायकोक फ्रिज आणतंय म्हणान नुसतो थापा मारी होतो...’’ लोक म्हणाले, ‘‘व्हय महाराजा!’’ ‘‘शेवटी सासऱ्यान चारचौघांत टोमणो मारल्यान, तेवा ह्येका लाज वाटली...’’ ‘‘व्हय महाराजा!’’ जयवंत बिचारा फ्रिजच्या दांडीला धरून जमिनीकडे बघत होता. सासरा समोरच बसला होता आणि सगळ्यांत मोठ्याने ‘व्हय महाराजा’ तोच म्हणत होता.

मी नगरकडचा. नाव भीमराज. आमच्या घरात देव नाहीत, बुद्धाची तसबीर आणि सकाळची वंदना. पण तात्यांचं गाऱ्हाणं मी सहसा चुकवत नसे. दाराच्या चौकटीला टेकून ऐकायचो आणि खोबऱ्याचा तुकडा घेऊन घरी यायचो. एकदा मी त्यांना म्हटलं, ‘‘तात्या, देवाला सगळं ठाऊक असतं ना? मग त्याला वीस वीस मिनिटं काय सांगत बसता?’’

‘‘देवाक सगळा ठावक आसता रे भीमराजा,’’ तात्या म्हणाले. ‘‘आपणाक कितपत ठावक आसा, तां तो बघता.’’

मी हसलो. म्हातारं काहीतरी बोलतंय झालं, असं वाटलं. खरं तर तात्या तेव्हा पन्नाशीचेच होते, पण गाऱ्हाणं सांगणारा माणूस आपोआप म्हातारा वाटायला लागतो.

तात्यांना एकच मुलगी, विमला. बी.कॉम. होऊन मुलुंडला एका औषधकंपनीच्या ऑफिसात लागली होती. हुशार, नीटनेटकी, आणि नाकाच्या शेंड्यापासून हट्टापर्यंत सगळी बापावर गेलेली. आता गंमत अशी की, मी सांगतोय त्या सत्त्याऐंशी सालच्या मार्च महिन्यात हे बापलेक दीड वर्ष एकमेकांशी बोलत नव्हते. एक खोली आणि स्वयंपाकघर एवढ्या जागेत तीन माणसांपैकी दोघांनी दीड वर्ष न बोलणं, ही काही साधी कामगिरी नव्हे. सगळा व्यवहार विमलाच्या आईमार्फत, म्हणजे वनमालाकाकींमार्फत चाले. विमला समोर बसलेली असताना तात्या म्हणत, ‘‘तिका सांग, मीठ फुडे कर.’’ काकी दोघांच्या मध्ये बसलेल्या असत. त्या मुकाट्याने मीठ उचलून देत. त्यांनी निरोप पोचवणं पहिल्या महिन्यातच सोडून दिलं होतं.

यामागचं कारण सगळ्या बिल्डिंगीला माहीत होतं आणि तो विषय कुणी काढत नसे. गणपतीला गावी जायला आमच्याकडची कोकणातली मंडळी मिळून अख्खी एस.टी. ठरवायची. चौपन्न माणसं, शिवाय पोरंटोरं, पेटाऱ्या, मखराचे कागद, पितळी समया. गाडी पंतनगरातूनच सुटे. पूर्वी कुठल्या सीटवर कुणी बसायचं ते एक जुने गृहस्थ तोंडी ठरवत. कोणाचं कोणाशी पटत नाही, कोणाला घाटात ओकारी होते, हे सगळं त्यांना पाठ होतं. ते वारले, आणि पंच्याऐंशी साली ते काम विमलाकडे आलं. विमला नुकती कॉमर्स शिकून बाहेर पडलेली. तिने सांगितलं, यंदा वशिला नाही. चिठ्ठ्या टाकू, ज्याच्या नशिबी जी सीट येईल ती त्याची, आणि नंतर अदलाबदल बंद. सगळ्यांनी मान डोलावली. कॉलेजात शिकलेली मुलगी म्हणते ते बरोबरच असणार.

चिठ्ठीत लवू घाडींच्या शेजारी आले काशीराम घाडी.

काशीराम म्हणजे तात्यांचे चुलतभाऊ. गावच्या घराच्या हद्दीवर एक फणस होता. तो कोणाचा यावरून दोघांचं पंधरा वर्षं बोलणं बंद होतं. गावच्या घरचा गणपती मात्र दोघांचा एकच. गणपतीपुढे गाऱ्हाणं तात्या सांगायचे, आणि काशीराम मागच्या रांगेत उभे राहून ‘व्हय महाराजा’ म्हणायचे. ते तेवढंच बोलणं. आता अशा दोघांना बारा-चौदा तास मांडीला मांडी लावून बसवायचं!

त्या दिवशी सामान चढवायला मीही खाली होतो. काशीराम आपल्या नंबरावर जाऊन खिडकीशी बसले. तात्या पायरीवर चढले, आत बघितलं, आणि खाली उतरले. ‘‘मी ह्येच्या बाजूक बसूचंय नाय,’’ म्हणाले आणि पिशवी छातीशी धरून फूटपाथवर उभे राहिले. ड्रायव्हरने हॉर्न दिला. पोरं रडायला लागली. विमला दारात उभी होती, हातात यादी. तिने घड्याळ बघून दहा मिनिटं दिली. मग अजून पाच दिली. तात्या हलले नाहीत. मग त्या मुलीने कंडक्टरला सांगितलं, ‘‘घंटी मारा.’’ तात्यांच्या बायकोसकट त्रेपन्न माणसं घेऊन गाडी निघून गेली.

मी तात्यांना घरी आणून चहा दिला. अर्धा कप त्यांनी बशीत ओतून संपवला. मग म्हणाले, ‘‘चेडू मोठा जाला.’’ चेडू म्हणजे पोरगी. त्यात कौतुक किती होतं आणि राग किती, ते मला अजून कळलेलं नाही. दुसऱ्या दिवशी मंगळुरी कौलांच्या ट्रकमधून ते गावाला गेले. पोचले तेव्हा गणपती बसून गेला होता आणि गाऱ्हाणं काशीरामांनी सांगून टाकलं होतं. सगळं मिळून तीन मिनिटांत. लोकांना ते आवडलं, हे तात्यांच्या कानावर कोणीतरी घातलं. माणसं नको तिथे तत्पर असतात.

आता त्या मार्चमधल्या रविवारकडे येतो. विमलाला मॅनेजमेंट शिकायचं होतं. नोकरीत तिचे साहेब तिच्याकडून काम करून घेत आणि वर स्वतःची सही मारत, त्याचा तिला वीट आला होता. एका संस्थेची लेखी परीक्षा ती पास झाली होती. पुढचा टप्पा म्हणजे एक फॉर्म, आणि त्यात एक प्रश्न: ‘तुम्ही घेतलेला एक कठीण निर्णय दोनशे शब्दांत सांगा.’ या दोनशे शब्दांवर इंटरव्ह्यूला बोलावणं ठरणार होतं. हुकलं तर पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून, आणि पुढच्या वर्षी घरात तिच्या लग्नाचा विषय निघणार हे नक्की होतं.

मी विमाकंपनीत क्लार्क. माझ्याकडे घरी टाइपरायटर होता आणि हाउसिंग बोर्डाला पाण्याच्या तक्रारी मी इंग्रजीत लिहीत असे. त्यामुळे माझं इंग्रजी फार थोर आहे अशी आमच्या बिल्डिंगीची समजूत होती. पाणी कधी आलं नाही, पण समजूत टिकून होती. म्हणून विमला कच्चा कागद घेऊन माझ्याकडे आली. तात्या दर रविवारी माझ्याकडे पेपर वाचायला येत, तसे ते आधीपासूनच खुर्चीत होते. ती आत येताच त्यांनी पेपर वर धरला. त्यामुळे मला त्यांची फक्त बोटं दिसत होती.

विमलाने वाचलं. आर्ट्स घ्यावं की कॉमर्स, असा कठीण निर्णय आपण दहावीनंतर घेतला, असं त्यात होतं. लहानपणापासून नेतृत्वाची आवड, खंबीर वृत्ती, देशाच्या उद्योगधंद्यांची प्रगती. वाक्यं सगळी फूटपाथवरच्या गाईडातली होती. मला बरी वाटली, कारण मीही तशीच लिहितो.

पेपरामागून आवाज आला, ‘‘भीमराजा, तिका विचार, मराठीत काय जाला त्याचा?’’

विमला भिंतीकडे बघत म्हणाली, ‘‘दादा, सांगा त्यांना.’’

दोघं चार फुटांवर बसलेली. मी मध्ये. मी मराठीत सांगितलं.

‘‘आता तिचा नाव काढ आणि तळमजल्यावरच्या शकूचा घाल,’’ पेपर म्हणाला. ‘‘काय फरक पडता?’’

मी मनात शकूचं नाव घालून पाहिलं. काहीच फरक पडत नव्हता. शकू दहावीला दोनदा बसली होती, तरी निबंध तिला फिट बसत होता.

‘‘तिका सांग,’’ तात्या पुढे म्हणाले, ‘‘ह्या गाऱ्हाणा न्हय. ही जाहिरात. गाऱ्हाण्यात कसा आसता? माणूस कोण, खंयचो, काय घोळ जालो, तेच्यात आपण काय केला, आपला खंय चुकला. मगे मागणा. चूक सांगल्याशिवाय मागाक तोंड कसा वर करतलंस?’’

विमलाचा चेहरा लाल झाला. ‘‘दादा, त्यांना सांगा, मी आयुष्यात कठीण निर्णय एकच घेतला. तो लिहू का, विचारा.’’

मी हे विचारलं नाही. विचारायची गरजही नव्हती. पेपर तसाच वर राहिला, पण पान उलटण्याचा आवाज बराच वेळ आला नाही. मी उगाच टाइपरायटरची फीत बघत बसलो. दीड वर्षांत त्या गाडीचा विषय या बिल्डिंगीत पहिल्यांदा निघाला होता, आणि तो माझ्याच घरात निघावा याची मला काही हौस नव्हती. तात्या उठून जातील, असं मला वाटलं.

‘‘लिव म्हणान सांग,’’ तात्या म्हणाले. ‘‘पण सगळा लिवायचा. गाळूचा नाय.’’

मग ते काम सुरू झालं. विमला सांगायची, मी इंग्रजी करायचो, मग मराठीत परत सांगायचो, आणि पेपरामागून हरकती यायच्या. कागदावर आलं की आपण पंतनगरात राहतो, गणपतीला गाडी करतो, चिठ्ठ्यांनी सीटा दिल्या. वडील आणि त्यांचे चुलतभाऊ बोलत नाहीत, तेही आलं. तात्यांना फणसही हवा होता. कोणी लावला, किती फळं धरतात, तलाठ्याने काय लिहिलं. मी म्हटलं, तात्या, दोनशे शब्द आहेत, फणसात साठ जातील. ते कुरकुरले. गाऱ्हाण्याला शब्दांची अट घालणारा माणूस त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. शेवटी फणसाला एक शब्द मिळाला: ‘झाड’.

‘‘आता चूक,’’ पेपर म्हणाला.

मला वाटलं, ती वडिलांची चूक सांगणार. विमला थोडा वेळ ओढणीचं टोक पिळत राहिली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, ‘‘दादा, पुढच्या सीटवरच्या मालनकाकी उठल्या होत्या. मी इथून उठते, लवूला इथे बसव, म्हणाल्या. मी त्यांना खाली बसवलं. सकाळपासून तिघांना अदलाबदल नाही म्हटलेलं, त्यात एक बाई सहा महिन्यांची गरोदर, तिला खिडकी हवी होती. त्यांना नाही म्हणून स्वतःच्या बापाला कसं हो म्हणू? हे कारण होतंच. पण तेवढंच नव्हतं. अख्खी गाडी माझं ऐकते आहे, याची मला मजा वाटत होती. मी यांना विचारलंसुद्धा नाही, की काकी जागा देतायत, बसता का.’’

हे मला नवीन होतं. पेपरामागच्या माणसालाही नवीन असावं, कारण पेपर चार बोटं खाली आला आणि पहिल्यांदा मला तात्यांचे डोळे दिसले. मी टाइप केलं. या वाक्यात शकूचं नाव बसत नव्हतं.

शेवट राहिला होता. विमला म्हणाली, ‘‘दादा, शेवटी लिहा, की नंतर वडिलांनी मला समजून घेतलं आणि माफ केलं. शेवट चांगला पाहिजे ना.’’ मी लिहिलं आणि सवयीने मोठ्याने मराठीत सांगितलं.

‘‘ह्या खोटा आसा,’’ तात्या म्हणाले. ‘‘माफ कोणी केल्यान? मिया केलंय नाय.’’

मी म्हटलं, ‘‘तात्या, अहो फॉर्म आहे, परीक्षकांना काय कळतंय?’’

‘‘तेंका कळूचा नाय. तिका कळतला.’’

‘‘मग काय लिहू?’’ विमला ताडकन म्हणाली. हे तिने मला विचारलं की त्यांना, कोण जाणे. ‘‘काय लिहू शेवटी? खरं काय आहे, ते तरी सांगा!’’

तात्यांनी पेपर घडी घालून मांडीवर ठेवला. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, ‘तिका सांग’ म्हटलं नाही. सरळ लेकीकडे बघून ते म्हणाले, ‘‘गाडी सुटली तेवा मी थंयच उभो होतंय. घंटी मारल्यास, तेचा माका काय नाय. नियम तो नियम. पण तू फाटी वळान बघलंस सुद्दा नाय.’’

विमला घरात नेहमी शहरी मराठी बोलायची, ऑफिसची. पण आता तिच्या तोंडून आलं ते गावचं.

‘‘बघलंय,’’ ती म्हणाली. ‘‘दारातसून नाय बघलंय, सगळे माझ्याकडे बघी होते म्हणान. मगे फाटल्या सीटीर गेलंय आणि काचेतसून बघलंय. नाको येयसर. तुम्ही पिशयेक धरून उभे होतास. मगे तुम्ही खाली बसलास, तांय बघलंय.’’

तात्या खरंच खाली बसले होते. फूटपाथच्या कडेला, पिशवी मांडीवर घेऊन. ते मी पाहिलं होतं, आणि मी कुणालाही सांगितलं नव्हतं.

तात्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला. पुसून झाल्यावरही पुसतच राहिले. विमला रडत होती. तोंड फिरवून नव्हे, सरळ बापाच्या पुढ्यात रडत होती.

‘‘भीमराजा,’’ चष्मा परत लावून तात्या म्हणाले, ‘‘ताच लिव.’’

मी माफीचं वाक्य खोडलं आणि लिहिलं: गाडी नाक्यावर वळेपर्यंत मी मागच्या काचेतून वडिलांकडे बघत होते. एवढंच. शब्द मोजले तर एकशे अठ्ठ्याण्णव. तात्यांनी कागद मागितला. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. ‘‘खंय आसा तां वाक्य?’’ त्यांनी विचारलं. मी दाखवलं. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि थोडा वेळ तसंच ठेवलं.

मग ते उठले आणि दारातून म्हणाले, ‘‘विमल, चल. जेवण थंड जायत.’’ त्यांच्या घरातून थोड्या वेळाने वनमालाकाकींचा आवाज मोठा झालेला ऐकू आला. मला वाटतं, दीड वर्षांचा बॅकलॉग त्या एका जेवणात भरून काढत होत्या.

इंटरव्ह्यूचं बोलावणं मे महिन्यात आलं. जूनमध्ये यादीत नाव लागलं, विमला शिकली, आणि आज ती कुठल्या कंपनीत काय आहे हे तात्या कुठल्याही गाऱ्हाण्यात घुसवतात, नारळ कोणाचा का असेना. पण मला सांगायचंय ते इंटरव्ह्यूचं. विमलाने घरी येऊन आधी मला सांगितलं, म्हणून मला ठाऊक आहे. समोर तिघे होते. दोघांनी बॅलन्सशीट वगैरे विचारलं. तिसरे एक वयस्कर प्रोफेसर होते, त्यांच्यासमोर तिचा फॉर्म उघडा होता. त्यांनी चष्म्यावरून बघून एकच प्रश्न विचारला, ‘‘वडिलांनी मग तुम्हाला माफ केलं की नाही? इथे लिहिलेलं नाही.’’

‘‘माहीत नाही, सर,’’ विमला म्हणाली. ‘‘मी विचारलं नाही. पण आज रजा टाकून माझ्याबरोबर आलेत. खाली उभे आहेत.’’